कुटुंबाचा छोटा ट्रस्ट संस्थांना मदत करतो म्हणजे नेमकं काय करतो

फाउंडेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर टाटा येतात, नाहीतर एखाद्या मोठ्या कंपनीचं सीएसआर, म्हणजे कंपनीनं कायद्यानुसार समाजकार्यावर करायचा खर्च, येतं. पण पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सांगली कुठंही बघा, आजोबांच्या नाहीतर आईच्या नावानं काढलेले छोटे छोटे ट्रस्ट असतात, त्यांचं वेगळं ऑफिस नसतं, स्टाफ नसतो, सीएच्या नाहीतर घरच्या धंद्याच्या ऑफिसात एका कपाटात सगळ्या फायली असतात, आणि वर्षातून तीन-चार वेळा घरातली माणसं एकत्र बसून ठरवतात की यंदा कुणाला किती द्यायचे. अशा ट्रस्टांकडे येणारे अर्ज वाचायचे आणि संस्थांना जाऊन भेटायचं हे माझं काम आहे, आणि मला मनापासून वाटतं की पर्यावरणाच्या आणि सामाजिक कामात ह्या छोट्या पैशाची जागा दुसरा कुठलाच पैसा घेऊ शकत नाही. का ते सांगते, पण त्याआधी हे सगळं चालतं कसं ते बघू, कारण तेच बहुतेकांना माहीत नसतं.

कुटुंबाचा ट्रस्ट दोन प्रकारचा असू शकतो आणि पहिला गोंधळ इथंच होतो. एक खाजगी ट्रस्ट, १८८२ च्या इंडियन ट्रस्ट ॲक्टखालचा, तो घरच्याच माणसांसाठी असतो, मुलाबाळांसाठी नातवंडांसाठी, मालमत्तेवरून पुढं भांडणं नकोत म्हणून केलेला. समाजकार्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट, आणि आपण बोलतोय तो हाच. महाराष्ट्रात तो १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदवावा लागतो, जुने लोक अजूनही त्याला बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्टच म्हणतात. काही कुटुंबं कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढतात, पण घरगुती पातळीवर ट्रस्टच जास्त दिसतात.

पैसे एकदा ट्रस्टमध्ये टाकले की ते तुमचे राहत नाहीत, ही गोष्ट कुटुंबाला सुरुवातीलाच नीट समजावून सांगावी लागते. तुम्ही ट्रस्टी असाल, डीडवर, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तावर, तुमची सही असेल, नाव तुमच्या आजीचं असेल, तरी ते पैसे आता लोकांचे आहेत आणि तुम्ही फक्त सांभाळणारे आहात. ट्रस्टची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ट्रस्टी बदलला, वारला, राजीनामा दिला तर ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. आणि ट्रस्टच्या पैशातून घरच्यांचा फायदा अजिबात चालत नाही. पुतण्याची परदेशातली फी भरली, मेहुण्याच्या फर्मला जास्त दराने काम दिलं, की प्राप्तिकराची सूटच धोक्यात येते. असं करायचा मोह होणारी कुटुंबं मी पाहिलीयेत, आणि त्यांना मी सरळ सांगते की मग ट्रस्ट काढू नका.

डीड लिहितानाच एक काळजी घ्यायची. उद्देशांमध्ये शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत हे सगळे लिहितात, पण पर्यावरण लिहायचं राहतं. प्राप्तिकर कायद्यात धर्मादाय कामाची जी व्याख्या आहे तिच्यात २००९ साली पर्यावरण रक्षण वेगळं नाव घेऊन आलं, पाणलोट, जंगलं आणि वन्यजीव धरून. त्याआधी ते 'सार्वजनिक हिताची इतर कामं' ह्या शेवटच्या खान्यात यायचं. हा फरक कागदावरचा वाटेल, पण त्या शेवटच्या खान्यातल्या संस्थेनं काही विकून किंवा सेवा देऊन पैसे कमावले तर त्यावर मर्यादा येतात, मग रोपवाटिका चालवणारी, गांडूळखत विकणारी संस्था उगाच अडचणीत येऊ शकते. तुम्हाला नद्या, गवताळ माळरानं, देवराया, पक्षी ह्यांच्यासाठी पैसे द्यायचे असतील तर उद्देशात ते स्पष्ट शब्दात लिहा, नाहीतर दहा वर्षांनी मुलगी म्हणते आपण जंगलाच्या कामाला देऊया आणि सीए म्हणतो डीडमध्ये बसत नाही.

आता पैशाचं गणित. समजा एखाद्या कुटुंबानं धंद्यातला हिस्सा विकला आणि ३ कोटी रुपये ट्रस्टमध्ये कॉर्पस म्हणून ठेवले, म्हणजे मुद्दल, जे खर्च करायचं नाही. ते कुठंही गुंतवता येत नाही, कायद्यानं ठरवून दिलेल्या ठिकाणीच ठेवायचं, बँकेची एफडी, सरकारी रोखे, पोस्टाच्या योजना, म्युच्युअल फंड असं. खाजगी कंपनीचे शेअर बाजारातून थेट घेता येत नाहीत. समजा ७ टक्के सुटले, तर वर्षाचे २१ लाख. ह्यातले ८५ टक्के त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च व्हायलाच पाहिजेत, १५ टक्के मागे ठेवता येतात, असा प्राप्तिकराच्या सुटीसाठीचा मूळ नियम. म्हणजे १७ लाख ८५ हजार द्यायचे आणि ३ लाख १५ हजार मुद्दलाला जोडायचे, म्हणजे महागाईला थोडं तरी तोंड देता येतं.

पण २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं इथं एक मोठा बदल केला आणि तो छोट्या देणगी देणाऱ्या ट्रस्टांना फार लागलाय. स्वतः शाळा चालवणारा ट्रस्ट शाळेवर १०० रुपये खर्च करतो तेव्हा ते १०० च धरले जातात. पण तुमचा ट्रस्ट दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला १०० रुपये देतो तेव्हा त्यातले ८५ च खर्च झाले असं धरतात. आता वरचं गणित परत करा. १७ लाख ८५ हजार दिले तर हिशेबात धरले जातात १५ लाख १७ हजारच. पूर्ण १७ लाख ८५ हजार धरले जायला हवे असतील तर द्यावे लागतात २१ लाख, म्हणजे सगळंच्या सगळं व्याज. ट्रस्टचा स्वतःचा खर्च, सीएची फी, प्रवास वगैरे, तो मात्र पूर्ण धरतात, पण त्यानं फारसा फरक पडत नाही. एक लाख असा खर्च धरला तरी मागे राहतात जेमतेम १८ हजार. ह्यामागचं सरकारचं कारण समजण्यासारखं आहे, एका ट्रस्टनं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, प्रत्येकजण आपले १५ टक्के मागे ठेवणार, आणि शेवटी प्रत्यक्ष कामाला पोचायला पैसेच कमी, हे प्रकार थांबवायचे होते. पण साखळी न करणाऱ्या, थेट गावातल्या संस्थेला देणाऱ्या प्रामाणिक ट्रस्टांनाही तोच नियम लागला, आणि त्यांचं मुद्दल आता तिथल्या तिथं थांबलंय. ३ कोटी दहा वर्षांनीही ३ कोटीच, आणि तेव्हाच्या २१ लाखांत आजच्याएवढं काम होणार नाही हे उघड आहे. म्हणून मी कुटुंबांना सांगते की दरवर्षी घरातून थोडी का होईना भर घालत जा, आणि ती कॉर्पससाठी आहे असं लेखी देऊन घाला म्हणजे ती त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जात नाही.

अजून दोन बारकावे. दुसऱ्या संस्थेच्या कॉर्पसला देणगी दिली तर ती खर्चात धरत नाहीत, त्यामुळे संस्थेनं कितीही प्रेमानं कॉर्पससाठी मागितली तरी देणाऱ्याला नाही म्हणावं लागतं, संस्थांना हे कारण माहीत नसतं आणि वाईट वाटतं. आणि एखाद्या वर्षी द्यायचे जमले नाहीत म्हणून अर्ज भरून पाच वर्षांपर्यंत पैसे साठवता येतात, पण ते नंतर स्वतःच्या कामावर वापरायचे, दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकता येत नाहीत. जो ट्रस्ट फक्त देण्याचंच काम करतो त्याला ह्याचा काय उपयोग! (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, तरी बोलताना सगळे '१२ए-८०जी'च म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणतेय. १२ए म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसूट देणारी नोंदणी, ८०जी म्हणजे तिला देणगी देणाऱ्याला सूट देणारी. आकडे आपल्या सीएकडून त्या त्या वर्षाचे तपासून घ्या.)

८०जी बद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात म्हणून पटकन सांगते. ज्या संस्थेकडे ८०जी आहे तिला दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेवर देणाऱ्याला सूट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, २ हजारांच्या वर कॅश दिली तर नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर नाहीच नाही. त्यामुळे टॅक्स वाचतो म्हणून ट्रस्ट काढू हे डोक्यातून काढून टाकलेलं बरं.

आता मुद्द्यावर येते. बाकीचे पैसे असताना ह्या २१ लाखांचं एवढं काय? त्यासाठी बाकीचे पैसे कसे येतात ते बघावं लागेल. सीएसआर २०१४ पासून आलं, ५०० कोटींची नेटवर्थ, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, ह्यातलं काहीही एक असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. पैसा मोठा आहे, चांगली कामंही खूप झालीयेत. पण बाहेरच्या संस्थेला हे काम द्यायचं तर तिला तीन वर्षांचा अनुभव लागतो, सीएसआर-१ ह्या सरकारी फॉर्मवर नोंदणी लागते, कंपन्यांनी आपल्या जवळच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो, मग जिथं कारखाने तिथं पैसा, आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आतल्या गावात कारखाना कुठून आणायचा. शिवाय कंपनीला दिसणारं काम हवं असतं, इतके बंधारे, इतकी झाडं, इतक्या मुली. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती खरं तर कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर, पण बऱ्याच ठिकाणी ती संस्थेच्याच डोक्यावर लादली जाते, आणि मग संस्थेनं अकाउंटंटचा पगार, ऑफिसचं भाडं, लाईटबिल कुठून द्यायचं?

परदेशी पैशाचं तर २०२० नंतर चित्रच बदललं. आधी व्हायचं असं की मोठी संस्था बाहेरून निधी घ्यायची आणि गावागावातल्या पाच-दहा छोट्या संस्थांना वाटून द्यायची, कारण छोट्यांना स्वतःचं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, मिळवणं आणि सांभाळणं झेपत नाही. २०२० च्या दुरुस्तीनं हे पुढं देणंच पूर्ण बंद केलं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्या छोट्या संस्थांचा नळ तिथंच बंद झाला. अमेरिकेतले, इंग्लंडमधले आपले नातेवाईक विचारतात आम्ही तुमच्या ट्रस्टला दिले तर चालेल का, तर उत्तर पासपोर्टवर अवलंबून आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी देणगी धरत नाहीत, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगीच, आणि एफसीआरए नसलेल्या ट्रस्टनं ती घ्यायची नाही. सख्ख्या भावाकडून आली तरी नाही.

म्हणजे बघा, नवीन संस्था, लांबची संस्था, मोजता न येणारं काम, पगार आणि भाडं, वर्षानुवर्षं चालणारं काम, ह्या सगळ्याला पैसा देणारं कुणी उरत नाही. आणि पर्यावरणाचं काम तर जवळजवळ सगळं असंच असतं.

वेळासचं उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे समुद्राकाठचं गाव, तिथं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. आज लोक तिथं कासवं बघायला जातात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, गावाला उत्पन्न होतं. पण हे काम मुळात काय आहे? थंडीच्या दिवसात मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालून जाते, कुणीतरी रोज पहाटे, उजाडायच्या आत किनारा चालून तिच्या पावलांच्या खुणा शोधायच्या, कोल्हा-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या आधी अंडी काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तसाच खड्डा करून ठेवायची, मग दीड-दोन महिने राखण, मग पिल्लं समुद्रात. ह्यात फोटो काढण्यासारखा दिवस एक, आणि चालायचे दिवस सगळेच. खर्च कशाचा, तर त्या चालणाऱ्या माणसाच्या मजुरीचा, टॉर्चचा, जाळीचा. आणि हे एक वर्ष करून सोडलं तर काही अर्थ नाही, दरवर्षी करायचं.

किंवा गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव, २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं, देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं गावात अभ्यासगट बसायचे, एकमतानं निर्णय घ्यायची सवय लावली गेली, बायका ग्रामसभेत बोलायला लागल्या, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. वीस वर्षं बैठका घेतल्या ह्याचा रिपोर्ट कुठल्या तक्त्यात लिहिणार सांगा! आज कितीतरी गावांना सामूहिक वनहक्काचे दावे करायचेत, त्यांना नकाशे काढून द्यायला, जुने कागद शोधायला, तहसील आणि वनखात्यात चकरा मारायला एक शिकलेला कार्यकर्ता लागतो, त्याची मोटरसायकल, पेट्रोल आणि महिन्याचा पगार, एवढाच तो 'प्रोजेक्ट'.

आणि पर्यावरण वेगळं, सामाजिक वेगळं असे दोन खण कुटुंबं करतात तेही प्रत्यक्षात टिकत नाहीत. पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. ओला-सुका वेगळा होतो, डेपोवर जाणारा कचरा कमी होतो, हे पर्यावरण. त्या बायकांना ओळखपत्र मिळतं, चोर म्हणून हटकणं थांबतं, रोजचं उत्पन्न नक्की होतं, हे सामाजिक. कुठल्या हेडखाली टाकणार? (ह्या तिन्ही कामांना कुणी किती पैसे दिले हे मी इथं सांगत नाहीये, कामाचा स्वभाव कसा असतो ते कळावं म्हणून घेतली.)

तर छोट्या ट्रस्टकडे असलेली खरी ताकद म्हणजे त्याला कुणाला उत्तर द्यायचं नसतं असं नाही, कायद्याला द्यायचंच असतं, पण शेअरहोल्डर नाहीत, तिमाही नाही, पेपरात फोटो आला पाहिजे असं नाही. तो ठरवू शकतो की ह्या संस्थेला तीन वर्षं, दरवर्षी ४ लाख, पगाराला वापरा, भाड्याला वापरा, तुम्हाला हवे तसे वापरा. महिना २५ हजार पगार धरला तर वर्षाचे ३ लाख होतात, म्हणजे चार लाखांत एक चांगला माणूस आणि त्याचा प्रवास सुटतो, आणि तो माणूस टिकला तर पुढचे दोन सरकारी प्रस्ताव आणि एखादं सीएसआर तोच मिळवून आणतो. छोटा पैसा आधी येऊन संस्थेला उभं करतो आणि मोठा पैसा मग येतो, हा क्रम मी परत परत बघितलाय.

पण कुटुंबं सहसा उलटं करतात. २१ लाख आहेत, चाळीस अर्ज आलेत, कुणाला नाही म्हणवत नाही, मग चाळीस जणांना पन्नास-पन्नास हजार. सगळे खूश, पण पन्नास हजारात एका माणसाचा दोन महिन्यांचा पगार निघतो, आणि तेवढ्यासाठी संस्थेनं अर्ज केला, पावती पाठवली, रिपोर्ट लिहिला, आभाराचं पत्र लिहिलं. पाच संस्था घ्या, प्रत्येकी चार लाख द्या, तीन वर्षं द्या. बाकीच्यांना वेळेत आणि स्पष्ट नाही म्हणा, संस्थावाल्यांना नकाराचं तेवढं वाईट वाटत नाही जेवढं सहा महिने उत्तर न आल्याचं वाटतं.

निवड कशी करायची ह्याचं फार मोठं शास्त्र नाहीये. कागद बघायचे, नोंदणी, पॅन, १२ए, ८०जी, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. ऑडिटमध्ये मी सगळ्यात आधी बघते की एकाच देणगीदारावर सगळा डोलारा आहे का, आणि कार्यकर्त्यांचे पगार वेळच्या वेळी झालेत का. प्रशासकीय खर्च कमी दिसला की बरेच ट्रस्टी खूश होतात, मी उलट विचारते की हिशेब मग कोण लिहितं? बऱ्याचदा कळतं की संस्थेच्या ताई दिवसभर पाड्यावर फिरून रात्री स्वतः व्हाउचरं चिकटवत बसतात. मग प्रत्यक्ष जाऊन यायचं, आणि ऑफिसात नाही, जिथं काम आहे तिथं, आणि संस्थेच्या माणसांपेक्षा गावातल्या माणसांशी जास्त बोलायचं. गावातल्या मावशींना संस्थेचं नाव नीट आठवत नसेल तरी चालेल, पण अडचण आली तर कुणाला फोन लावता ह्याचं उत्तर लगेच आलं पाहिजे. मग ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ठराव, एक पानी करारपत्र, रक्कम दोन हप्त्यात, दुसरा हप्ता छोट्या रिपोर्टनंतर. चार लाखांसाठी चाळीस पानी फॉर्म नको. दुसऱ्या कुणाला दिलेला रिपोर्ट असेल तर तोच मागून घ्या, परत वेगळा लिहायला लावू नका.

पैशाशिवायही बरंच देता येतं, आणि ते घरच्या माणसांना छान जमतं. आपल्या सीएला सांगून संस्थेची १२ए-८०जी ची कामं करून देणं, कारण २०२१ पासून ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते (५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या छोट्या संस्थांना २०२५ पासून १२ए ची नोंदणी दहा वर्षांची मिळायला लागली, ही चांगली गोष्ट झाली). दुसऱ्या कुटुंबाच्या ट्रस्टशी ओळख करून देणं, कंपनीतल्या माणसाशी भेट घालून देणं. आणि मदत थांबवायची असेल तर एक वर्ष आधी सांगणं. मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, मोठे ट्रस्टी आजोबा जातात, पुढच्या पिढीला दुसराच विषय आवडतो, आणि मार्चमध्ये अचानक कळवतात की ह्या वर्षीपासून नाही. तिकडं दोन माणसांचा पगार त्यावर चाललेला असतो.

ही अडचण मुळातलीच आहे आणि ती लपवून उपयोग नाही. कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये सगळं दोन-चार जणांच्या आवडीनिवडीवर चालतं. कुणाला झाडं लावायचीच हौस असते, मग माळरानावर पण झाडं लावा म्हणतात, जिथं गवतच राहायला पाहिजे, कारण माळढोक, लांडगा, धाविक पक्षी हे गवतातच जगतात आणि धनगरांची मेंढरं पण त्याच गवतावर. कुणाला इमारतीवर नावाची पाटी हवी असते. कुणी हक्कांच्या कामाला घाबरतं, शाळेला वह्या द्यायला तयार पण वनहक्काचा दावा म्हटला की नको. त्यावर एकच इलाज मला काम करताना दिसलाय, तो म्हणजे घराबाहेरचे एक-दोन ट्रस्टी घेणं, ज्यांना त्या विषयातलं खरंच कळतं आणि ज्यांना कुटुंबप्रमुखाला 'काका, हे बरोबर नाहीये' असं तोंडावर सांगता येतं. बाहेरचा ट्रस्टी घ्यायला घरचे आधी कचरतात, नंतर त्याच्याशिवाय मीटिंग ठेवत नाहीत.

आणि सगळ्यांनीच ट्रस्ट काढावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. वर्षाला दोन-तीन लाखच द्यायचे असतील तर ट्रस्ट काढू नका, ऑडिट, रिटर्न, चेंज रिपोर्ट, सीए, वकील ह्यात पैसा आणि उत्साह दोन्ही जाईल. दोन संस्था निवडा, दरवर्षी न चुकता थेट त्यांना द्या, कशासाठी वापरायचे ते त्यांना ठरवू द्या, काम तेच होतं.

आता ज्यांची संस्था आहे आणि अशा ट्रस्टकडे मागायचंय त्यांच्यासाठी. दोन पानांत लिहा, कोणत्या गावात, कुणाबरोबर, काय करताय, आणि किती पैसे कशाला हवेत, पगार असेल तर पगारच लिहा, 'क्षमता बांधणी' वगैरे शब्दांमागे लपवू नका, घरातली माणसं वाचणार आहेत त्यांना पगार समजतो. ट्रस्ट कुठं शोधायचे तर आपल्या गावच्या सीएंना विचारा, आधी मिळालेल्या छोट्या देणगीदारांना विचारा, दुसऱ्या संस्थेच्या वार्षिक अहवालात मागच्या पानावर देणगीदारांची यादी असते ती वाचा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्यांदा फोन करू नका, तेव्हा ८५ टक्क्यांचा हिशेब जुळवायची घाई चाललेली असते, जे मिळेल ते एकदाच मिळेल आणि तुमचं काम कुणी नीट ऐकून घेणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, ऑडिट उरकत आलेलं असतं, पाऊस ओसरत आलेला असतो, तेव्हा त्यांना म्हणा, एकदा येऊन काम बघून जा.